पाण्यात बुडणारे फुप्फुस: वायुकोशांच्या शोधाची साडेतीनशे वर्षे

१/
इ. स. १६८० च्या दशकाचा आरंभ. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात त्साइट्स नावाचे गाव. एका शेतकऱ्याच्या कोवळ्या वयाच्या मुलीवर स्वतःच्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा आरोप आला. त्या काळी या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा होती. योहान श्रेयर या वैद्याने मृत अर्भकाची फुप्फुसे काढून पाण्याच्या भांड्यात सोडली. ती तळाला गेली. श्रेयरचे म्हणणे असे की, बाळाने श्वास घेतलेलाच नाही. ते मृतच जन्मले. मग हत्या कोणाची?

२/
न्यायालयापुढे फुप्फुसाची अशी परीक्षा मांडली गेल्याचे हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. तिच्यामागचे निरीक्षण मात्र जुने होते. गर्भाचे फुप्फुस तांबडे व घट्ट असते आणि श्वास सुरू झाल्यावर ते फिकट व हलके होते, हे रोमन काळातील गेलेनला ठाऊक होते. १६६७ मध्ये डच शास्त्रज्ञ यान स्वामरडॅमने त्याचा पडताळा पाण्यात घेतला: श्वास न घेतलेले फुप्फुस बुडते, घेतलेले तरंगते.

३/
पुढे ही परीक्षा युरोपभर पसरली आणि वसाहतींबरोबर हिंदुस्थानातही आली. जयसिंग मोदी यांच्या न्यायवैद्यकावरील ज्या ग्रंथावर (पहिली आवृत्ती १९२०) भारतातील वैद्यक आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यातही तिला जागा आहे. कित्येक स्त्रियांचे प्राण एका भांडेभर पाण्यावर अवलंबून राहिले.

४/
या परीक्षेवर विश्वास टाकू नये, असे ठणकावून सांगणारा पहिला मोठा आवाज लंडनच्या विल्यम हंटरचा. याच विषयावरचा त्याचा निबंध १७८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, वाचला गेला. फुप्फुस कुजू लागले तरी त्यात वायू साठून ते तरंगते. बाळ अर्धवट जन्मले असता एखादा श्वास घेऊन मरू शकते. तेव्हा तरंगणारे फुप्फुस हा खुनाचा पुरावा नव्हे. हंटर प्रसूतिशास्त्रातील मोठा अधिकारी होता. अविवाहित मातांची हतबलता त्याने जवळून पाहिली होती आणि निबंधात ती स्पष्ट उमटली आहे.

५/
याहूनही चमत्कारिक अनुभव उलट बाजूचा होता. अपुऱ्या दिवसांची काही बाळे जन्मतात, रडतात, श्वास घेतात, काही तास जगतात आणि मरतात. शवविच्छेदनात त्यांची फुप्फुसे यकृतासारखी घट्ट आढळतात. हवा जवळजवळ नसतेच. जी हवा निःसंशय आत गेली होती, ती गेली कुठे? या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. त्यासाठी आधी फुप्फुस म्हणजे काय, हे कळणे आवश्यक होते.

६/
१६६१. बोलोन्याचा मार्चेल्लो माल्पिगी याने पिसा येथील आपला मित्र, गणिती जोव्हान्नी बोरेल्ली, याला दोन पत्रे लिहिली. फुप्फुस हे मांसल इंद्रिय आहे, ही तोवरची समजूत. माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ते वेगळेच: अतिशय पातळ पडद्यांनी बनलेल्या असंख्य पोकळ्या. उपमा त्याने मधमाश्यांच्या पोळ्याची दिली. आज ज्यांना वायुकोश म्हणतात, त्यांचे हे पहिले वर्णन.

७/
दुसऱ्या पत्रात बेडकाचे फुप्फुस आहे. त्याच्या पारदर्शक भिंतीत माल्पिगीला रक्त बारीक नळ्यांमधून वाहताना दिसले. धमन्यांतून गेलेले रक्त शिरांत कसे पोहोचते, हा विल्यम हार्वीच्या १६२८ च्या सिद्धान्तातील रिकामा दुवा होता. केशवाहिन्यांनी तो भरून निघाला. हार्वी मात्र चार वर्षांपूर्वी, १६५७ मध्ये, निवर्तला होता.

८/
एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये पडदा, असे चित्र १६६१ मध्येच तयार झाले. परंतु ही पोळ्यासारखी रचना घडते कशी व केव्हा? माल्पिगीने कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचाही अभ्यास केला होता. तरी फुप्फुसाची घडण उलगडायला एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शक आणि गर्भाचे पातळ छेद घेण्याचे तंत्र लागले. मानवी गर्भातील फुप्फुसाच्या जडणघडणीचा पायाभूत अभ्यास लाइपझिगच्या विल्हेल्म हिसने १८८७ मध्ये प्रसिद्ध केला.

९/
आज जे चित्र मान्य आहे ते थोडक्यात असे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या पूर्वरूपाला पुढच्या बाजूने एक कोंब फुटतो. कोंबाचे दोन फाटे होतात, त्यांचे पुन्हा दोन, असे ते फाटत जातात. सतराव्या आठवड्यापर्यंत हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांचे झाड जवळपास पूर्ण होते. परंतु ते निष्पर्ण झाड असते; हवा व रक्त यांची देवघेव होईल अशी जागा त्यात कुठेच नसते.

१०/
त्यानंतरच्या आठ-दहा आठवड्यांत नळ्यांची टोके रुंदावतात आणि केशवाहिन्या त्यांच्या भिंतींना येऊन भिडतात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास टोकांशी पातळ भिंतींच्या पिशव्या दिसू लागतात. त्यांच्या अस्तरात दोन तऱ्हेच्या पेशी वेगळ्या होतात. पहिल्या प्रकारच्या पेशी कागदासारख्या पसरट. जवळजवळ सगळा पृष्ठभाग त्यांनी व्यापलेला. दुसऱ्या प्रकारच्या पेशी घनाकार आणि आत पापुद्र्यांच्या गाठोड्यांनी भरलेल्या. या गाठोड्यांकडे या धाग्यात पुन्हा यायचे आहे.

११/
खरे वायुकोश मात्र छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. झाडाला फळे लागावीत तसे वायुकोश नळीच्या टोकाला लागत नाहीत. पिशवीच्या भिंतीतून आत कडा उगवतात, वाढतात आणि मोठ्या दालनाचे लहान खोल्यांत विभाजन करतात. बाहेर काही फुगत नाही. आत पडदे उभे राहतात. माल्पिगीचे पोळे असे तयार होते.

१२/
हे सारे पाण्याखाली चालते. गर्भाचे फुप्फुस द्रवाने भरलेले असते आणि तो द्रव म्हणजे गर्भाने गिळलेले गर्भजल, असे पुष्कळ काळ मानले गेले. प्रत्यक्षात फुप्फुस स्वतःच तो द्रव स्रवते आणि स्वतःला आतून ताणून धरते. १९७७ मध्ये मेंढीच्या गर्भांवर झालेल्या प्रयोगांत हा द्रव बाहेर काढून टाकला तेव्हा फुप्फुसे खुरटली. श्वासनलिका बांधून द्रव कोंडला तेव्हा ती अवाजवी मोठी झाली. गंमत अशी की, त्या मोठ्या फुप्फुसांत दुसऱ्या प्रकारच्या पेशी कमी निघाल्या. आकार आणि पक्वता या दोन गोष्टी एकच नव्हेत.

१३/
आता १९२९ कडे वळावे. स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट फॉन नेरगार्ड या वैद्यांनी डुकराची फुप्फुसे आधी हवेने फुगवली, मग द्रवाने. द्रवाने फुगवायला फारच कमी दाब पुरला. ऊती त्याच, लवचिकता तीच. मग फरक कसला? हवा व ओला पृष्ठभाग जेथे भेटतात, तेथील पृष्ठताणाचा. द्रव भरल्यावर ती सीमाच नाहीशी होते. फुप्फुसाची आक्रसण्याची ओढ मुख्यतः ऊतींची नसून या पृष्ठताणाची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, हेही त्यांनी सुचवले.

१४/
हा शोध पाव शतक धूळ खात पडला. जर्मन भाषेतील त्या नियतकालिकाचा अंक ग्रंथालयांत होता, वाचणारा नव्हता. १९४७ मध्ये अमेरिकेत पीटर ग्रुएनवाल्ड यांनी मृत अर्भकांच्या फुप्फुसांवर तसाच प्रयोग करून तेच सांगितले, आणि त्यांच्याकडेही फारसे कोणी लक्ष दिले नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे घडते तेव्हा ‘काळाच्या पुढे’ हे विशेषण वापरण्याची पद्धत आहे. येथे कारण साधे दिसते: पृष्ठताण हा भौतिकशास्त्राचा विषय आणि बाळांचे डॉक्टर भौतिकशास्त्र वाचत नव्हते.

१५/
वाचणारे भेटले ते अनपेक्षित ठिकाणी: विषारी वायूंच्या प्रयोगशाळांत. इंग्लंडमधील पोर्टन डाउन हे रासायनिक युद्धाच्या संशोधनाचे केंद्र. फॉस्जिनसारख्या वायूने फुप्फुसात पाणी साठते आणि तोंडाला फेस येतो. रिचर्ड पॅटल या फेसाचा अभ्यास करत होते. फेस मोडणारी रसायने त्यावर चालेनात. साधे बुडबुडे थोड्या वेळात आक्रसून नाहीसे होतात. फुप्फुसातील बुडबुडे तासन्‌तास जसेच्या तसे राहत. १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले की, या बुडबुड्यांचा पृष्ठताण जवळजवळ शून्य असला पाहिजे, म्हणजे फुप्फुसाच्या अस्तरात तसा एखादा पदार्थ असला पाहिजे.

१६/
पॅटल यांनी जाता जाता एक शक्यताही नोंदवली: अकाली जन्मलेल्या बाळाची एक अडचण या पदार्थाचा अभाव हीही असू शकेल.

१७/
अटलांटिकच्या पलीकडे, मेरीलँडमधील एजवुड येथे, अमेरिकन लष्कराच्या रासायनिक केंद्रात जॉन क्लेमेंट्स हेच कोडे सोडवत होते. त्यांनी एक साधा तराजू बनवला. तबकात फुप्फुसाचा अर्क, त्यात लोंबती धातूची पट्टी आणि पृष्ठभाग लहान-मोठा करणारा सरकता अडसर. साध्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७० डाइन प्रति सेंटिमीटर. फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठभाग ताणला की तो चाळिशीत राही आणि आकुंचित केला की दहाच्याही खाली उतरे. १९५७ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

१८/
‘लहान होताना ताण कमी होणे’ याला महत्त्व का? बुडबुड्याच्या आतील दाब पृष्ठताणाच्या दुप्पट भागिले त्रिज्या, हा लाप्लासचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा नियम. बुडबुडा जितका लहान तितका दाब अधिक. साबणाचे दोन फुगे नळीने जोडले तर लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो. वायुकोशांचेही तसेच झाले असते: लहान मिटत गेले असते, मोठे फुगत गेले असते. परंतु आकार घटताना ताणही घटला, तर लहान कोश तग धरतो. (वायुकोश सुटे फुगे नसतात, शेजारच्यांशी सामाईक भिंतींनी बांधलेले असतात, तेव्हा हे चित्र थोडे सोपे केलेले आहे. पाठ्यपुस्तके हे सहसा सांगत नाहीत.)

१९/
या पदार्थाला सर्फॅक्टंट असे नाव मिळाले. मुख्यतः मेद, थोडी प्रथिने. आणि त्याचा कारखाना म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या त्या घनाकार पेशी. त्यांच्यातील पापुद्र्यांची गाठोडी हाच त्याचा साठा. कॅनडाचे चार्ल्स मॅकलिन यांनी १९५४ मध्ये या पेशी अस्तरावर काही स्रवत असाव्यात असे मांडले होते.

२०/
आता मेरी एलेन एव्हरी. जन्म १९२७, न्यू जर्सी. जॉन्स हॉपकिन्समधून १९५२ साली वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर लवकरच त्यांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. सक्तीच्या विश्रांतीत त्यांचे लक्ष फुप्फुसाकडे वळले. पुढे नवजात बालकांच्या कक्षात काम करताना त्यांनी वारंवार एकच दृश्य पाहिले: अकाली जन्मलेले बाळ, दर श्वासाला आत ओढली जाणारी छाती, कण्हण्याचा आवाज, निळे पडणारे ओठ. दोन-तीन दिवसांत निकाल लागे.

२१/
या रोगाचे नाव होते ‘हायलिन मेम्ब्रेन डिसीज’. मृत बाळांच्या वायुमार्गात सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा चकचकीत पापुद्रा दिसे. १९०३ पासून त्याच्या नोंदी होत्या. हा पापुद्राच हवा अडवतो, तो गिळलेल्या दुधाचा किंवा गर्भजलाचा असावा, असे तर्क चालत आणि सगळ्यांची नजर त्या पापुद्र्यावर खिळलेली असे. फुप्फुसात काय आहे ते सारे शोधत होते. एव्हरींच्या ध्यानात आले ते तेथे काय नाही ते. या बाळांच्या फुप्फुसात फेस नसे.

२२/
हार्वर्डमध्ये जेरे मीड यांच्याकडे त्या काम करत होत्या. १९५७ च्या नाताळच्या सुट्टीत त्या एजवुडला क्लेमेंट्स यांच्याकडे गेल्या, तराजू पाहिला, परत येऊन तसाच तयार केला. या रोगाने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचे अर्क आणि इतर कारणांनी मरण पावलेल्यांचे अर्क त्यावर तपासले. इतरांचा पृष्ठताण आकुंचनाबरोबर खाली उतरे. या रोगाच्या आणि अगदी कमी वजनाच्या बाळांचा उतरत नसे. १९५९ मध्ये एव्हरी आणि मीड यांचा लेख आला. काचेसारखा पापुद्रा हा परिणाम होता. कारण होते सर्फॅक्टंटचा अभाव.

२३/
पाचव्या टप्प्यातील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अपुऱ्या दिवसांचे बाळ पहिला श्वास मोठ्या कष्टाने घेते, पिशव्या उघडतात. उच्छ्वासाबरोबर त्या पुन्हा पूर्ण मिटतात. दुसरा श्वास पुन्हा पहिल्याइतकाच कठीण, तिसराही तसाच. तासाभरात हजारो वेळा ‘पहिला श्वास’ घेणारे ते बाळ थकते. श्वास घेऊनही त्याचे फुप्फुस पाण्यात बुडू शकते. श्रेयरच्या भांड्याला यातले काहीच सांगता आले नसते.

२४/
कारण कळले, उपाय नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो. बोस्टनमध्ये त्याला अतिदाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवले गेले. ३९ तासांनी, ९ ऑगस्टला, तो वारला. रोग तोच. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली देशाच्या प्रमुखाच्या मुलासाठी तेव्हाचे वैद्यक याहून अधिक काही करू शकले नाही.

२५/
सर्फॅक्टंट नाही, तर बाहेरून द्यावे, हे सरळ होते. १९६४ मध्ये कॅनडात आणि पुढे सिंगापूरमध्ये, तेथे क्लेमेंट्स स्वतः सहभागी होते, त्यातील मुख्य मेद फवाऱ्याच्या रूपात बाळांना देऊन पाहिला गेला. अपयश आले. १९६७ च्या सिंगापूरच्या अहवालाचा कल तर मूळ दोष फुप्फुसाच्या रक्तपुरवठ्यात असावा, असे म्हणण्याकडे होता. सर्फॅक्टंटची कल्पनाच चुकली की काय, असे वाटण्याजोगी स्थिती झाली. चूक पदार्थात होती: नुसता मेद पृष्ठभागावर वेगाने पसरत नाही, त्याला पसरवणारी प्रथिने त्या फवाऱ्यात नव्हती.

२६/
दरम्यान एक उत्तर बाळांच्या कण्हण्यात दडलेले निघाले. हा आवाज वेदनेचा नव्हता. बाळ स्वरयंत्र अर्धे मिटून उच्छ्वास अडवत होते, पिशव्या मिटू नयेत म्हणून. श्वासनलिकेत नळी घातली की कण्हणे थांबे आणि प्राणवायूची पातळी खालावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये बाळ जे करू पाहत होते तेच बाहेरून केले: वायुमार्गात सतत थोडा दाब राखला. त्या पहिल्या वीस बाळांपैकी सोळा जगली.

२७/
आणि मग न्यूझीलंडची मेंढरे. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स वेगळाच प्रश्न हाताळत होते: प्रसूती सुरू कशाने होते? मेंढीच्या गर्भाला कॉर्टिसोलच्या जातीचे संप्रेरक दिले की मेंढी वेळेआधी विते, हे त्यांना दिसले. मेंढीचा गर्भकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. एक कोकरू ११७ व्या दिवशी जन्मले. इतक्या कोवळ्या कोकराच्या फुप्फुसात हवा टिकण्याचे कारणच नव्हते. तरी ते काही काळ श्वास घेत होते आणि विच्छेदनात त्याचे फुप्फुस अंशतः हवेने भरलेले आढळले.

२८/
१९६९ च्या शोधनिबंधात हे कोकरू मुख्य विषय नाही. निरीक्षण जाता जाता आलेले आहे. परंतु लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये मानवी चाचणी सुरू केली. मुदतीपूर्वी प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना बीटामेथासोनची इंजेक्शने. कोणाला औषध व कोणाला दुसरे द्रावण, हे दैवयोगाने ठरवलेले. १९७२ मध्ये २८२ मातांचे निष्कर्ष आले. श्वसनाचा हा विकार औषध न मिळालेल्या गटात २५.८ टक्के बाळांना, औषध मिळालेल्या गटात ९ टक्के. सुरुवातीच्या दिवसांतील मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर.

२९/
एवढे स्पष्ट आकडे. तरी जगाने ते उचलले नाहीत. पुढील दोन दशके प्रसूतितज्ज्ञ कचरत राहिले. स्टेरॉइडची भीती होती, प्रत्येक चाचणी सुटी-सुटी आणि लहान होती. डब्लिनच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी त्या एकत्र करून दाखवले की, एकेकटी चाचणी डळमळीत वाटली तरी सगळ्यांचा कौल एकच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या औषधाची स्पष्ट शिफारस केली १९९४ मध्ये, लिगिन्स-हाउई यांच्या निष्कर्षांनंतर २२ वर्षांनी. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेषा दिसतात, त्या याच चाचण्यांच्या आहेत. मधल्या काळात जी बाळे गेली, त्यांची मोजदाद त्या चिन्हात अर्थातच नाही.

३०/
सर्फॅक्टंटचा उपायही अखेर साधला. गोरान एनहॉर्निंग आणि बेंग्ट रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये सशांच्या अकाली पिलांना प्रौढ सशांचे नैसर्गिक सर्फॅक्टंट, प्रथिनांसह, श्वासनलिकेत दिले आणि फुप्फुसे उघडली. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेला अर्क दहा बाळांना देऊन ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. १९९० मध्ये अमेरिकेने पहिल्या सर्फॅक्टंटला औषध म्हणून मान्यता दिली. ते कृत्रिम औषध क्लेमेंट्स यांनीच घडवलेले होते.

३१/
बाळे जगू लागली. तेव्हा वायुकोशांचा मूळ प्रश्न नव्याने उभा राहिला. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे पिशव्या असतात, वायुकोश नसतात. राहिलेले बांधकाम गर्भाशयाबाहेर, हवेत आणि यंत्राच्या दाबाखाली, पुरे व्हायचे असते. १९६७ मध्ये विल्यम नॉर्थवे यांनी यंत्रावर जगलेल्या बाळांच्या फुप्फुसांतील व्रणांचे वर्णन केले होते. पुढे सर्फॅक्टंट आल्यावर व्रण कमी झाले, पण दुसरेच चित्र दिसू लागले: वायुकोश थोडे आणि मोठे. जणू पडदे उभे राहण्याचे काम अर्ध्यावर थांबले होते.

३२/
थांबले म्हणजे किती थांबले, हे सांगायला मोजणी लागते. एवाल्ड वायबेल या स्विस शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये डोमिंगो गोमेझ यांच्यासह छेदांवरील आकृत्यांतून संपूर्ण फुप्फुसाचे आकडे काढण्याची पद्धत बसवली. १९६२ चा त्यांचा आकडा: प्रौढ माणसात सुमारे ३० कोटी वायुकोश. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये माइकल डनिल यांनी बालकांची फुप्फुसे मोजली: जन्मवेळी सुमारे २.४ कोटी, आठव्या वर्षी २८ कोटी. मोजलेली फुप्फुसे थोडी होती. पण दहापैकी नऊ वायुकोश जन्मानंतर बनतात, हा निष्कर्ष धक्कादायक होता. नव्या पद्धतीने २००४ मध्ये प्रौढांतील सरासरी ४८ कोटींवर गेली. माणसामाणसांतील अंतर २७ ते ७९ कोटी.

३३/
बांधकाम कसे होते, हे दाखवले बर्नच्या पीटर बुरी यांनी, १९७४ च्या सुमारास, उंदराच्या जातीच्या पिलांत. हे प्राणी येथे सोयीचे, कारण ती पिले वायुकोशांविना, नुसत्या पिशव्यांसह जन्मतात. सारे काही जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घडते. कोवळ्या भिंतीत केशवाहिन्यांचे दोन थर असतात. त्यातील एक थर दुमडून वर उचलला जातो आणि नवा पडदा उभा राहतो. मग दोन थरांचा एक होतो, भिंत पातळ होते. यावरून एक समजूत रूढ झाली: दोन थर एक झाले की नवे पडदे बंद, माणसात दोन-तीन वर्षांच्या वयात वायुकोशांचे बांधकाम आटोपते.

३४/
याच पिलांतून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष आला. डोनाल्ड मसारो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले की, पडदे उभे राहण्याच्या काळात डेक्सामेथासोन दिले तर पडदे उगवतच नाहीत. म्हणजे जे संप्रेरक भिंती पातळ करून फुप्फुसाला श्वासासाठी सज्ज करते, तेच वेळ चुकली तर वायुकोशांची संख्या घटवते. लिगिन्स यांच्या उपचारात प्रसूतीपूर्वी मोजके डोस असतात आणि त्याचा लाभ निर्विवाद आहे. जन्मानंतर बाळांना दीर्घकाळ स्टेरॉइड देण्याची प्रथा मात्र पुढे, मुख्यतः मेंदूवरील दुष्परिणामांमुळे, आखडती घ्यावी लागली.

३५/
प्रसूतीपूर्व उपचाराचाही शेवटचा शब्द १९९४ मध्ये झाला नव्हता. श्रीमंत देशांतील रुग्णालयांचे निष्कर्ष साधने अपुरी असलेल्या ठिकाणी लागू होतात का, या शंकेवर जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथे २,८५२ मातांवर चाचणी घेतली. २०२० चा निष्कर्ष: डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के.

३६/
वायुकोशांचे बांधकाम दोन-तीन वर्षांत संपते, ही समजूतही टिकली नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधील लेस्टरच्या संशोधकांनी ७ ते २१ वर्षे वयाच्या शंभराहून अधिक मुलामुलींना हेलियमचा एक विशिष्ट प्रकार हुंगवून चुंबकीय प्रतिमा घेतल्या. हेलियमचे अणू किती अंतरावर भिंतीला अडतात, यावरून वायुकोशाचा आकार काढता येतो. या वयात फुप्फुस कितीतरी पटींनी वाढते. जुनेच वायुकोश फुगत असते तर त्यांचा आकार त्या प्रमाणात वाढायला हवा होता. तो फारच थोडा वाढलेला आढळला. याचा अर्थ कुमारवयातही नवे पडदे उभे राहत असतात.

३७/
त्याच वर्षी अमेरिकेतून आणखी एक नोंद प्रसिद्ध झाली. कर्करोगामुळे एका स्त्रीचे संपूर्ण उजवे फुप्फुस तिच्या तेहतिसाव्या वर्षी काढून टाकण्यात आले होते. पंधरा वर्षांनी तपासले तेव्हा उरलेले डावे फुप्फुस मोठे झाले होते. त्यातील वायुकोश मात्र ताणलेले नव्हते. त्यांचा आकार नेहमीसारखाच होता आणि त्यांची संख्या वाढली होती.